आईने येऊ नये

चिठ्ठीवर मी लिहिलं :
पालकसभा. मंगळवारी. अकरा वाजता.
खाली लाल शाईने : आईने येऊ नये.

हेडसर म्हणाले, बाई, ही काय भाषा झाली?
मी सभेची वही उघडून ठेवली त्यांच्यापुढे,
नऊ वर्षांच्या सह्या,
सगळ्या काकणांच्या हातांनी केलेल्या.

वडगावात माग थांबत नाहीत.
म्हणून वेळ मी लाइनमनला विचारून ठरवली.
अकरा ते एक, तारांचं काम, वीज नाही.
मंगळवारी खटका पडला,
गल्ल्या एकदम बहिऱ्या झाल्या
आणि बाप आले.

आधी फाटकाशीच उभे राहिले,
मातीला जमतात तसे,
हात पाठीमागे, बोलणं हळू,
भुवयांवर सुताचा भुगा.
एकजण तर नोट काढूनच आत शिरला :
"किती भरायचं बाई?
पोरानं काय फोडलंय?"

बाकांत गुडघे मावेनात.
कुणी कडेला तिरपं बसलं,
कुणी खालीच, फरशीवर, मागाशी बसल्यासारखं.
मी विचारलं, आपलं मूल कितवीत आहे?
भरमाण्णा पाखरे उठले : "दुसरीत."
खिडकीच्या गजाला लोंबकळत रेणू ओरडली,
"चौथीत हाय मी! चौथीत!"

हसले सगळे.
भरमाण्णा उभेच.
"जातो तवा निजलेली, येतो तवा निजलेली.
निजल्या पोरीची उंची कळत न्हाई बाई."

मग माझ्या टिपणातलं पुढचं वाक्य
मला वाचवेना.

समर्थच्या घरून ईरण्णा आले.
नात्याचे नाहीत, भिंतीला भिंत.
उद्यमबागेत भट्टीवर असतात.
सही केली कन्नडात,
वाटोळी, बोरं ओळीनं मांडल्यागत अक्षरं,
आणि पेन तसंच धरून विचारलं, "चालतंय?"
या गावात पाटीवरच्या अक्षरांसाठी
दगड उचललेले मी पाहिलेत.
म्हटलं, रकान्यात पालक लिहिलंय,
लिपी लिहिलेली नाही.

समर्थ तोवर त्यांच्या मनगटावरचे
भाजल्याचे डाग मोजत होता.
"सात? परवा तर सहाच हुते की."

नकाशाची दोरी जूनपासून तुटलेली.
एका खिळ्यावर लोंबत होता तो, वाकडा.
भरमाण्णांनी बोलता बोलता दोन्ही टोकं धरली,
अंगठा फिरला,
गाठ.
रेणू आत आली होती कधीतरी.
"दिसलंच न्हाई. परत मारा की."
सोडली. मारली.
सोडली. हळू मारली.
तिची बोटं त्यांच्या बोटांवर,
तिसऱ्यांदा कुणाची कुठली ते कळेना.
बाकीचे बाप मान लांब करून बघत होते,
जणू गाठ त्यांना ठाऊकच नव्हती,
जन्म गेला होता ती मारण्यात.

पावणेएकलाच वीज आली.
गल्लीच्या टोकाचा माग सुरू झाला, मग पुढचा,
मग सगळे.
ते उठले, खरं लगेच निघाले नाहीत.

पुढच्या महिन्यात पाच आले.
त्याच्या पुढच्या, तीन.
ईरण्णा दोन्ही वेळा.
अहवालात मी आकडे लिहिले, विशेषणं नाही.

माझे बाबा शाळेत कधीच आले नाहीत.
शाळा सुटताना समोरच्या पंक्चरच्या दुकानात
सायकल उलटी करून बसलेले असत.
"चाक बसलंय," म्हणायचे,
आणि मग मला पुढे दांडीवर घ्यायचे.
आठवड्यातून तीनदा, चारदा.
मी टीसीएच झाले, नोकरी लागली, ते गेले.
इतक्या वर्षांत त्या टायरात
खिळा एकदा तरी सापडला होता का,
हे दुकानदाराला विचारायचं राहिलं.